दिवे मोठे झाले

१

तपासणीच्या कागदावर तीनच ओळी होत्या. ब्रेक सुस्थितीत. स्टिअरिंग सुस्थितीत. पुढचे दोन्ही दिवे सुस्थितीत.

जयरामने कागद तिसऱ्यांदा वाचला. शहापूरच्या बाजारपेठेच्या टोकाला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान होतं. तीस वर्षं तो तिथे बसत होता, आणि तरीही एखादी वायर जोडली की तीन-तीनदा मीटर लावून बघायची त्याची सवय गेली नव्हती. गिऱ्हाइकं हसत. हसू देत, असं त्याला वाटे. एकदा बघून ज्यांची खात्री पटते त्यांचा त्याला हेवा वाटायचा आणि थोडी भीतीही.

समोर त्याच्या भाच्याची बायको सरिता उभी होती. छत्रीतून पाणी गळत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"सोमवारी कागद कोर्टात जाणार मामा," ती म्हणाली. "वकील बोल्ला, इन्स्पेक्टरनीच दिवे चांगले लिवलेत म्हटल्यावर मी काय बोलू? दोन वर्षं तरी जातील आत. लायसन तर गेलंच."

आज गुरुवार होता.

भाचा साईनाथ मुरबाडच्या स्वरूप शेटच्या गाडीवर ड्रायव्हर होता. ऑगस्टातल्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमाराला, तो टोकावड्याच्या पुढच्या साइटवरून एकटाच परत येत होता. घाटाकडून उतरलेलं धुकं रस्त्यावर बसलं होतं. तो दिवे लावून सावकाश चालवत होता. एका वळणावर गाडीचे दिवे आपोआप गेले, असं त्याचं म्हणणं. हॉर्न दाबला, तोही वाजला नाही. डोक्यावर गवताचा भारा घेऊन कोंडू नावाचा शेतकरी रस्ता ओलांडत होता. त्याला गाडी दिसली नाही आणि साईनाथला तो दिसला नाही.

साईनाथने त्याच गाडीतून त्याला मुरबाडला दवाखान्यात नेलं. वाटेत दिवे आपोआप परत लागले. चौथ्या दिवशी, सोमवारी, कोंडू गेला. मग पोलिसांनी गाडी ताब्यात घेतली, मंगळवारी तपासणी झाली, आणि दिवे लखलखीत निघाले.

"अजून हाये," सरिता म्हणाली आणि दुसरा कागद पुढे केला. साक्षीदार अंबूबाई, वय सत्तरच्या वर, टोकावड्याजवळ रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजून विकते. तिचा जबाब हवालदाराने लिहिला होता: 'समोरून गाडी आली. एकदम गाडीचे दिवे मोठे झाले आणि कोंडू गाडीखाली गेला.' खाली हवालदाराचा शेरा होता: चालकाने मोठा प्रकाश मारल्याने मयताचे डोळे दिपले. दिवे बंद झाल्याचा चालकाचा दावा खोटा.

"म्हातारीचं नि त्याचं काय वाकडं होतं?" सरिता म्हणाली. "कोंडू तिचा पुतण्या लागायचा, म्हणून बोल्ली असंल?"

सरिताने पदराच्या गाठीतून किल्ली काढली. काळ्या प्लास्टिकची, बटणं असलेली. "ही गाडीची किल्ली. यांच्या खिशात राह्यली. शेटनी मागितली पण नाय. हे तर भाताला हात नाय लावत, भिंतीकडे तोंड करून पडतात."

मग तिने आवाज खाली आणला.

"मामा, एक विचारू? रागावू नका. दोन महिन्यांपूर्वी त्या गाडीला मोठा हॉर्न तुमीच बसवलेलात ना?"

हाच प्रश्न गेले पंधरा दिवस जयराम स्वतःला विचारत होता. हॉर्नची वायर त्याने दिव्यांच्या वायरींच्या जुडग्यातूनच नेली होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीने तो मुरबाडला गेला. पोलिसांनी बंधपत्र लिहून घेऊन गाडी मालकाला परत केली होती. ती स्वरूप शेटच्या बंगल्यापुढे पत्र्याच्या छपराखाली उभी होती, पांढरी, जेमतेम वर्षभर जुनी. पुढचा बंपर तेवढा चेपलेला.

स्वरूप शेट सिद्धगडाच्या बाजूला फार्महाऊसचे प्लॉट पाडून विकायचा. टोकावड्याच्या पुढे त्याची नवी साइट होती. चाळिशीचा, हसतमुख माणूस. जयरामला त्याने खुर्ची दिली.

"बघा, खुशाल बघा," तो म्हणाला. "तुमच्या भाच्याचं मलाही वाईट वाटतं. पण काय आहे जयरामदादा, झोप लागली असं सांगितलं असतं तर मी समजलो असतो. वायपर बंद, दिवे बंद, हॉर्न बंद, सगळं एका झटक्यात? अशी भुताटकी माझ्या गाडीत नाही होत."

त्याची बायको मिताली दारात उभी होती. तिने चहा आणून ठेवला आणि कप ठेवताना बशीत सांडला.

जयरामने बॉनेट उघडलं. त्याने हॉर्नच्या वायरीवरची स्वतःची टेप शोधली, सोडवली आणि जोड उघडा केला. तांबं कोरडं, लालसर, जसं ठेवलं होतं तसंच. मीटर लावला, पुन्हा लावला, तिसऱ्यांदाही लावला. वायरीत दोष नव्हता. छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं, पण उतरलं नाही. आपला दोष नाही म्हणजे भाच्याचा आहे, एवढाच अर्थ निघत होता.

बॉनेट बंद करताना काचेच्या पायथ्याशी, वायपर बसतात त्या जाळीत, त्याला काथ्याचा एक धागा अडकलेला दिसला. बाजूला कुंकवाचा ओघळ वाळला होता. त्याने धागा ओढून काढला आणि उगाच खिशात टाकला.

मग तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे गुडघे टेकून बसला. पायाखालची चटई उचलली तर लाल मुंग्यांची रांग. ती आतल्या बाजूने वर, डॅशबोर्डच्या पाठीमागे चढत होती. त्याने टॉर्च मारला. वर पत्र्याच्या चौकटीत एक काळा डबा बसवलेला होता, पाठ्यपुस्तकाएवढा. चौकटीवर वर्षाची धूळ, त्यात चिकटलेल्या मेलेल्या मुंग्या. डब्यावर मात्र धुळीचा कण नव्हता.

"काय सापडलं?" स्वरूप शेट मागे येऊन उभा होता. त्याची सावली टॉर्चच्या उजेडावर पडली.

"मुंग्या," जयराम म्हणाला.

"पावसाळ्यात कुठे नसतात?"

जयराम बाहेर आला, दार लावलं आणि खिशातून साईनाथची किल्ली काढून बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. किल्लीवरचा बारीक लाल दिवा चमकला, पण दारांची कुलपं हलली नाहीत.

"सेल गेला असेल," स्वरूप शेट म्हणाला. "मिताली, तुझी किल्ली दे गं."

मितालीने जागेवरूनच आपली किल्ली दाबली. चारही दारं खट्ट करून बंद झाली.

जयरामने खिशातून नवा सेल काढला. तो आधीच आणून ठेवला होता, कारण स्वतःची शंका तो नेहमी दुसऱ्याच्या आधी घेत असे. सेल बदलला. बटण दाबलं. लाल दिवा चमकला. गाडी मात्र ढिम्म.

शेट अजून हसत होता. मितालीच्या चेहऱ्याकडे जयरामने पाहिलं. ती त्याच्या हातातल्या किल्लीकडे बघत होती.

३

जयरामच्या दुकानात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. शब्दकोश शेजारी ठेवून त्याने ते दोन पावसाळ्यांत वाचून काढलं होतं. त्यात या डब्यावर एक प्रकरण होतं. इंजिनाचा मेंदू वेगळा. हा गाडीच्या अंगाचा मेंदू, बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, वायपर, हॉर्न, दारांची कुलपं, सगळ्यांना हुकूम हाच देतो. गॅरेजवाले त्याला बॉडीचा डबा म्हणत. पण पुस्तकातलं किती खरं आणि आपल्याला समजलं तेवढं बरोबर की चूक, याची जयरामला खात्री नव्हती. म्हणून तो प्रज्वलकडे गेला.

मुरबाडच्या नाक्यावर प्रज्वलचं गॅरेज. तिशीच्या आतला पोरगा, आणि त्या भागात गाडीला जोडून दोष वाचायचा स्कॅनर त्या एकट्याकडेच.

"या काका," तो म्हणाला. "टेस्ट लॅम्प घेऊन आलात की काय? तो जमाना गेला हो."

"गेला खरा," जयराम म्हणाला. "म्हणून तर शिकायला आलो. बॉडीचा डबा बिघडला तर कळतं कसं रे?"

कौतुकाने विचारलं की प्रज्वल खुलत असे. त्याने हात पुसले. "एक दिवा गेला तर बल्ब बघायचा. दोन्ही गेले तर फ्यूज. पण दिवे, वायपर आणि हॉर्न एकदम गेले, तर फ्यूज तिघांचे तीन वेगळे असतात, तिन्ही एका क्षणी कसे उडतील? मग तिघांत सामाईक काय? डबा. आणि आत पाणी शिरलं असेल तर अजून मजा. गंज धरतो, कधी चालतो, कधी नाही. तपासायला जावं तर शहाण्यासारखा वागतो."

"आणि नवा घातला की लगेच चालू?"

"कसला लगेच. स्कॅनर लावून आधी गाडीची माहिती भरायची. मग किल्ल्यांची ओळख करून द्यायची. ज्या किल्ल्या समोर असतील त्या एकेक दाखवायच्या. जी दाखवली नाही तिला तो पुढे विचारत नाही. नव्या सुनेसारखं, लग्नात भेटले तेवढेच नातेवाईक."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. जयरामने मान हलवली. त्याच्या खिशातली किल्ली मांडीला टोचत होती.

"आणि जुना डबा? भंगारात?"

"छे. आमच्याकडे पद्धत आहे. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. नाहीतर म्हणतात, बदललाच नाही, फसवलं."

"मग मितालीवहिनींच्या हातात दिलास तेव्हा त्या काय बोलल्या?"

प्रज्वलच्या हातातलं फडकं थांबलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. दोन किल्ल्या होत्या. एक साईनाथच्या खिशात, एक त्यांच्याकडे. नवा डबा वहिनींच्याच किल्लीला ओळखतो."

"काका," प्रज्वल हळू आवाजात म्हणाला, "मला याच नाक्यावर धंदा करायचाय. शेटच्या साइटवरच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे येतात. मी काही बोललो नाही. आणि नुसत्या किल्लीवर कोर्ट विश्वास ठेवणार नाही. तिकडे म्हातारीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, दिवे मोठे झाले म्हणून. डबा बदलला असेल, कबूल. पण त्या दिवशी दिवे चालू होते ना? मग?"

तो 'मग' डोक्यात घेऊनच जयराम परतीच्या एसटीत बसला.

४

शनिवारी तो टोकावड्याला उतरला. जाण्याआधी शेणव्याला साईनाथच्या घरी जाऊन त्याला भेटला होता. भाचा भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

"वायपरचं काय रे? ते पण थांबलेले?"

"हा. अर्ध्यावर."

"मग जबाबात नाय ते?"

"हवालदार बोल्ला, येवढं सगळं सांगशील तर कोण ऐकंल? दिव्यांचं नि हॉर्नचं सांगितलं तेवढ्यावरच. मग वायपरचं कोणालाच बोल्लो नाय."

"आणि शेटला सांगितलंस?"

"शेटनी त्या दिसापासून माझा फोन नाय उचलला मामा. दवाखान्यात पण नाय आले. गाडी नेऊन उभी केली, किल्ली द्यायला गेलो तर वहिनी दार लावून आत गेल्या."

टोकावड्याबाहेर, वळणाच्या अलीकडे, पळसाच्या पानांनी शाकारलेली अंबूबाईची झोपडी होती. भर दुपारी बाहेर धुकं इतकं दाट की आत चिमणी लावलेली. म्हातारी निखाऱ्यावर कणीस फिरवत होती. तिची सून बाळी मीठ-मिरची वाटत होती.

"ड्रायवरचा मामा का तू?" अंबूबाई म्हणाली. "बस. कणीस खा. तुज्याशी माजं भांडण नाय."

जयराम बसला. विचारायचं कसं ते त्याला कळेना. शेवटी सरळच विचारलं. "आई, त्या दिवशी तुमी काय बघितलंत?"

"सांगितला ना पोलिसाला. हितंच बसलेली. धुक्यात दोन दिवं येताना दिसत व्हतं. कोंडू पल्याडशी उभा. आणि मंग दिवं मोठं झालं. आन् आवाज आला." तिने कणीस उलटं केलं. "चांगला पोरगा व्हता."

तेच शब्द. जयरामने कणीस खाली ठेवलं. म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांत डाव नव्हता. साईनाथही खोटं बोलत नव्हता, असं तो गेले तीन दिवस धरून चालला होता. दोघांपैकी एकाला सोडायचं तर भाच्यालाच सोडावं लागणार. आपण मामा आहोत म्हणून आपल्याला सोयीचं तेच दिसतंय, असं त्याच्या मनात आलं. किल्ली, मुंग्या, डबा, सगळं खरं असूनही पोराला डुलकी लागली असेल.

तो उठला. एसटीची वेळ झाली होती.

बाहेर वारा सुटला आणि धुकं जरा फाटलं. झोपडीत उजेड आला.

"बाळे," अंबूबाई म्हणाली, "दिवा मोठा कर गो. उगा रॉकेल जळतंय."

बाळी उठली. चिमणीपाशी वाकली आणि तिने फुंकर मारली.

ज्योत गेली. धुराची रेघ वर चढली. जयराम दारात वाकलेला तसाच थांबला.

"आई," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला, "दिवा काय कर म्हणालात?"

"मोठा कर बोल्ली." म्हातारीने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "मंग काय बोलू? घरात मयत झाल्याबिगर दिव्याला दुसरा शब्द बोलतात का? तुज्या आयशीने नाय शिकवला?"

शिकवला होता. जयरामची आई रोज झोपताना हेच म्हणायची. नारळ फोडला म्हणू नये, वाढवला म्हणावं. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. आणि दिवा विझला म्हणू नये. तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. घरात वीज आल्यावर दिव्याला मोठं करायची वेळच आली नव्हती.

५

रविवारी सकाळी हवालदार भोईर स्वरूप शेटच्या बंगल्यावर आले ते नाराजीनेच. पंचेचाळिशीचा माणूस, कल्याणमध्ये वाढलेला. "म्हातारीचं म्हणणं मी शब्दाला शब्द लिहिलंय," असं त्यांनी वाटेत दोनदा ऐकवलं होतं.

"शब्दाला शब्दच लिहिलंत साहेब," जयराम म्हणाला होता. "म्हणूनच कळलं."

छपराखाली सगळे उभे होते. शेट, मिताली, निरोप पाठवून बोलावलेला प्रज्वल, आणि अंतर राखून साईनाथ आणि सरिता. साईनाथ वाळला होता. मिताली एकदाही त्याच्याकडे बघत नव्हती.

चार माणसांपुढे बोलायची जयरामला सवय नव्हती. तो गाडीच्या चाकाकडे बघत बोलू लागला.

"म्हातारी म्हणते दिवे मोठे झाले, म्हणजे गेले. म्हणजे ती आणि साईनाथ एकच सांगतात. मग मंगळवारी तपासणीत दिवे चांगले कसे? कारण मधल्या दिवसांत गाडीतला डबा बदलला. चौकटीवर धूळ आहे, डब्यावर नाय. साईनाथची किल्ली त्याला ओळखत नाय. वहिनींची ओळखतो."

"बदलला असेल," स्वरूप शेट म्हणाला. आज तो हसत नव्हता. "गाडी आदळली, काहीतरी बिघडलं, बायकोने दुरुस्त करून आणली. गुन्हा आहे? आधी काही बिघाड होता हे मला काय माहीत?"

"माहीत होतं शेट." जयरामने प्रथमच वर पाहिलं. "शुक्रवारी तुमी मला म्हणालात, वायपर बंद, दिवे बंद, हॉर्न बंद. वायपरचं जबाबात नाय. साईनाथने तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा. आणि तुमी त्याचा फोन घेतला नाय. मग वायपर थांबतात हे तुमाला कोणी सांगितलं?"

पत्र्यावर पाऊस पडायला लागला.

"मी सांगितलं," मिताली म्हणाली.

"मिताली, आत जा."

ती गेली. शेटने श्वास सोडला. पण ती लगेच परत आली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी घेऊन. पिशवीला तांदळाचे दाणे चिकटले होते.

"अपघाताच्या आधीच्या मंगळवारी मी गाडी घेऊन गेले होते," ती हवालदारांना म्हणाली. "वायपर थांबले, हॉर्न गेला, दिवेही. प्रज्वलने बघितलं. म्हणाला, डबा गेलाय, चार दिवसांत नवा येईल, तोवर पावसात काढू नका. मी घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, शुक्रवारी साइटवर पार्टी यायचीय, कागद पोचवायचेत, ड्रायव्हरला कशाला घाबरवतेस. रविवारी नवा बसवला. हा जुना. नदीत टाक म्हणाले होते. मी तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला."

"का ठेवलात?" भोईरांनी विचारलं.

"माहीत नाही. टाकवेना."

प्रज्वल मान खाली घालून पुढे आला. "काढलेला हाच. झाकणावर माझी खूण आहे. म्हणाल तर परत बसवून दाखवतो."

त्याला वीस मिनिटं लागली. सगळे उभेच होते. शेट दोनदा घरात जायला निघाला आणि दोन्ही वेळा भोईरांनी नुसतं हाताने थांबवलं. प्रज्वल बाहेर आला आणि जयरामने किल्ली साईनाथच्या हातात दिली.

"दाब."

साईनाथने बटण दाबलं. चारही दारं एकदम खट्ट करून बंद झाली.

सरिताने तोंडाला पदर लावला. पंधरवड्यात कोणी ज्याचा शब्द मानला नव्हता, त्याला त्या डब्याने ओळखलं होतं.

"किल्लीचं झालं," भोईर म्हणाले. "दिव्यांचं?"

प्रज्वलने दिवे लावले, वायपर चालू केले. दिवे लागले. झकास. एक मिनिट गेलं, पाच गेली. वायपर कोरड्या काचेवर कुरकुरत फिरत राहिले. स्वरूप शेटच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. दहा मिनिटं. तांदळात राहून डबा सुकला असला तर? सगळं बरोबर असूनही सिद्ध झालं नाही तर? त्याने सरिताकडे पाहायचं टाळलं.

छपराच्या पन्हाळीचं पाणी गाडीच्या पुढच्या टोकाशी पडत होतं.

"प्रज्वल," तो म्हणाला, "गाडी दोन हात पुढे घे. काच पाण्याखाली येऊ दे."

गाडी पुढे सरकली. पाणी काचेवर, मग काचेच्या पायथ्याशी, जाळीतून आत. वायपर वर गेले आणि अर्ध्यावर थांबले. त्याच क्षणी दोन्ही दिवे गेले. प्रज्वलने हॉर्नवर हात दाबून धरला, पण आवाज आला नाही.

भोईरांनी खिशातून वही काढली.

६

सोमवारी कागद कोर्टात गेले, पण वेगळे. शेटने बिघाड ठाऊक असून गाडी पाठवली आणि नंतर तो दडवला, हे मिताली आणि प्रज्वल दोघांच्या सहीने त्यात होतं. पुढचं कोर्ट बघेल, पण तपासणीच्या त्या तीन ओळी आता साईनाथच्या विरुद्ध नव्हत्या.

त्याआधी भोईर अंबूबाईचा जबाब पुन्हा घ्यायला टोकावड्याला गेले, जयरामला घेऊन. 'दिवे विझले' असं त्यांनी लिहायला घेतलं, तशी म्हातारीने त्यांचं मनगट धरलं.

"तो शब्द माज्या नावावर लिवू नको."

भोईरांनी जयरामकडे पाहिलं. मग लिहिलं: 'दिवे मोठे झाले, म्हणजे काळोख झाला.' अंबूबाईने ते वाचून दाखवायला लावलं आणि अंगठा दिला.

"एक राहिलं," परत येताना भोईर म्हणाले. "डब्यात आधी पाणी कुठून गेलं? वर्षाची गाडी, पाऊस सगळ्यांच्याच गाड्यांवर पडतो."

जयराम या प्रश्नाची वाट बघत होता. पावसाचं म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं त्याला वाटून गेलं. कोणी विचारलं नसतं. त्याने खिशातून काथ्याचा तो धागा काढला.

"पावसाच्या पाण्याला मुंग्या लागत नाय साहेब. गोड पाण्याला लागतात. साइटवर जाताना दर शुक्रवारी इथल्या देवळाशी साईनाथ नारळ वाढवायचा आणि पाणी काचेवर ओतायचा. वर्षभर. ते जाळीतून खाली त्या डब्यावर उतरलं, तिथला रबर चिकट होऊन उचलला, मग पावसालाही वाट मिळाली."

"म्हणजे पुन्हा ड्रायव्हरच."

"नाय. नवी गाडी मिळाली तेव्हा मी सांगितलेलं त्याला. नारळ वाढव, पाणी काचेवर घाल, नजर लागत नाय. माझं नाव लिहा. हॉर्नची वायर मी तीनदा तपासली. ह्याचा विचार एकदाही केला नव्हता."

भोईरांनी वही उघडली. मग त्यांनी वहीत ते लिहिलं, जसं तो बोलला तसं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी साईनाथ दुकानात आला. दाढी केली होती. कोंडूच्या घरी जाऊन आला होता. तिथे कोणी शिव्या दिल्या नाहीत, पाणी दिलं, तेच जड गेलं, म्हणाला.

"मामा, भोईरसाहेबांनी सांगितलं नारळाचं. तुमी नाव दिलंत."

जयराम मीटरच्या वायरी गुंडाळत होता. "खरं तेच दिलं."

साईनाथने किल्ली टेबलावर ठेवली, मग परत उचलली. ती आता कुठल्याच गाडीला लागत नव्हती. जुना डबा कोर्टात होता. "नवीन नोकरी लागली तर," तो म्हणाला, "नारळ वाढवू का नको?"

जयरामने विचार केला. नेहमीसारखा तीनदा.

"वाढव," तो म्हणाला. "पण चाकाखाली. पाणी रस्त्यावर जाऊ दे."

मग त्याने दिव्याच्या बटणाकडे हात नेला, क्षणभर थांबला, आणि दुकान वाढवलं.